नातीची इन्क्वायरी

सन २०२३, चैत्र महिना, आंबे उतरवायचे दिवस. कसालचा एक अनोळखी गृहस्थ अंगणात येऊन म्हणाला, "आबानू, तुमच्या नातीची इन्क्वायरी करूक इलंय."

मी चौथी शिकलेला. इन्क्वायरी हा शब्द मला एकाच अर्थाने माहीत होता. माझा भाऊ सरकारी नोकरीत होता. त्याच्यावर इन्क्वायरी बसली आणि तो कायमचा घरी बसला.

मी काठी उचलली. "माझ्या नातीन खंयची चोरी केल्यान? चल, भायर हो!"

तो पाणीही न पिता गेला. आतून सून धावत आली. "मामंजी, तां स्थळ होतां! इन्क्वायरी म्हणजे नुसती विचारपूस."

नात दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. त्या गृहस्थाचा मुलगा तिला आधीच पसंत होता, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी मी कसालला गेलो. आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. मी दारात उभा राहताच तो गृहस्थ हसला.

"बसा, आबानू. इन्क्वायरी झाली आमची. नातीवर शब्द इलो तर आजो काठी घेता, असल्या घरचीच सून आमका व्हयी."

"तां मागसून," मी म्हणालो. "माफी मागूक इलंय, ती आधी घेवा."

त्याने घेतली. मग मी बसलो.