काळ्या फिती

अजून आठवलं तरी डोकं फिरतं माझं, खरं सांगतो. मंठ्याच्या कॉलेजात बीएच्या पोरींना मी अमेरिकेची राज्यघटना शिकवून राह्यल्तो. तिकडं अमेरिकेत व्हिएतनामच्या युद्धाच्या विरोधात पोरं काळ्या फिती बांधून शाळेत गेल्ती. शाळेनं घरी पाठवलं, तर सुप्रीम कोर्ट म्हणालं, शाळेच्या फाटकात शिरलं म्हणून कोणाचा बोलायचा हक्क संपत न्हाई.

दुसऱ्या दिवशी वर्गातल्या साऱ्या पोरी दंडाला काळी फीत बांधून आल्या. मुलींच्या संडासात कित्येक महिने पाणी नव्हतं, त्यासाठी.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "हे काय शिकवून राह्यले तुम्ही?"

"अभ्यासक्रमात आहे, सर."

"ते पेपरात लिहायपुरतं असतं!"

दाराशी जमलेल्या पोरींत पुढं उभ्या असलेल्या रुखसारला म्हणाले, "फीत सोड, न्हाईतर कॉलेजातून नाव काढतो." ती जागची हलली न्हाई. मंग तिच्या अम्मीला बोलावलं. त्यांना वाटलं, आई पोरीला झापेल. अम्मी भाजीचा गाडा सोडून आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साब, मेरी बच्ची सुबह से पानी नहीं पीती. कॉलेज में पेशाब लगी तो किधर जाना करके. तुमकू मालूम था?"

प्राचार्यांनी रुखसारला वर्गात जायला सांगितलं. नाव कोणाचंच काढलं न्हाई. आठवड्याभरात नळाला पाणीही आलं.

आणि अमेरिकेची राज्यघटना तेवढी माझ्याकडून काढून घेतली.