बोनेट उघडायचं नाही

यवतमाळहून अमरावतीला जाणारी बस. माझ्या मागच्या सीटवर रहमतचाचा मेकॅनिक आणि जुनी टर्बो गाडी घ्यायला निघालेला रोशन.

“चाचा, वॉरंटी घेऊ का? गाडी विकणारे वर्षाची देऊन राह्यले.”

“कागदावर काय लिवलं?”

“बाहेरच्या मेकॅनिकनं बोनेट उघडलं, तर वॉरंटी रद्द.”

“बाहेरचा म्हणजे मी?”

“तुमचं नाव थोडीच लिवलं!”

“तुह्या बापाची जीप वीस वर्षं कोणं चालती ठेवली? अन् आता माह्या हातानं गाडी बाटते?”

“तसं नाही, चाचा. तुम्ही बोनेट नका उघडू. नुसता इंजिनचा आवाज आयका.”

“कंडक्टरसाहेब, नेरच्या स्टँडवर थांबवा. मी उतरतो.”

“मंग गाडी कोण पाहीन?”

“ज्यानं हा कागद लिवला, त्याले ने आवाज आयकाले.”