आईचा संप

युनियनवाला माणूस घरात असला की काय होतं, ते ऐका. आमचे अण्णा वसमतकडं साखर कारखान्यात वेल्डर होते. युनियनचे पक्के, पण ड्युटी सुटली की सरळ घरी, आमच्यातच रमायचे.

एका रविवारी आईनं गॅस पेटवलाच न्हाई. म्हणली, "तुमाला रविवारची सुट्टी, मग मला काहून न्हाई? आज माझा संप."

अण्णांनी जरा विचार केला. "मागणी बराबर हाय," म्हणले अन् तिच्याशेजारी मांडी घालून बसले.

आमाला तर भूक लागलेली. मी म्हणलं, "अण्णा, मग तुमीच टाका की पिठलं."

"संपावरच्या माणसाचं काम दुसऱ्यानं करायचं नसतं, लेकरा. आधी समझोता होऊ दे."

समझोता झाला. दर रविवारी अण्णा रांधणार. लगेच उठून त्यांनी पिठलं केलं. गाठीच गाठी, पण आमी मुकाट्यानं खाल्लं.

आता अण्णा न्हाईत. रविवारी पिठलं मी करतो. एकदा म्हणलं, "आई, समझोता तर अण्णांनी केला होता."

"माणूस गेला म्हणून समझोता मोडत नसतो," ती म्हणली. "अन् लई घोटू नको. थोड्या गाठी राहू दे."