बांधावरचा भुंगेरा

तुम्हाला वाटतं, आमच्या विंझरकडच्या लोकांना निसर्गाचं काही पडलेलं नाही? मग हे ऐका. डेहराडूनहून वन्यजीवांचं शिकून परतलो, तेव्हा मी ठरवलं होतं की गावातल्या भुंगेऱ्यांचे फोटो काढायचे आणि त्यांच्या जागा वाचवायच्या. वडिलांना याची लाज वाटायची. “एवढं शिकला आन रानात पालथा पडतोय,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

एकदा आमच्या आणि शेजारच्या तात्यांच्या शेतामधल्या बांधावर, दगडाखाली, पांढऱ्या ठिपक्यांचा काळाभोर भुंगेरा सापडला. मी पालथा पडून फोटो घेत होतो, तेवढ्यात तात्या आले.

“बांधाचं फोटो कशाला रं?”

“इथं मूळचं कोण राहतं, त्याचा पुरावा पाहिजे, तात्या.”

“कुणाला दावनार?”

“पुण्यातल्या तज्ज्ञांना. ते तपासतील.”

“आन मग?”

“मग ही जागा पहिल्यासारखी राहिली पाहिजे. कुणी हात लावायचा नाही.”

तात्या गंभीर होऊन निघून गेले. मला भरून आलं. गावात पहिल्यांदाच कुणीतरी माझं इतकं मनावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर दगड उचललेला, भुंगेरा गायब आणि अख्खा बांध तात्यांच्या शेतात मागे सरकलेला. वडील तिथं कमरेवर हात ठेवून उभे होते.

“दर नांगरटीला ह्यो तात्या बांध आपल्या रानात ढकलायचा. म्या इतकी वर्सं भांडलो, हटला न्हाई. तू पालथा पडलास आन एका रातीत मागं घेतला त्यानं!”

“पण माझा भुंगेरा गेला, दादा.”

“जाऊ दे. च्या घे आन वरच्या बांधाला जाऊन पड.”