समोर बसलेला कोणीही

...आणि वर मलाच विचारतात, असला मंत्र लिहिलातच कसा! अहो, लिहिला! घरचा खेळ, घरचा मंत्र!

तुम्हाला सांगतो, हा खेळ म्हणजे काय, तर टेबलाभोवती बसायचं, कोणी योद्धा व्हायचं, कोणी चेटकीण, फासे टाकायचे आणि राक्षसांशी लढायचं, आणि ते राक्षस, त्या गुहा, सगळं चालवतो तो गेम मास्टर, म्हणजे मी. नियम माझ्याकडे जुने, कॉलेजात झेरॉक्स केलेले. आता नवे निघालेत, सोपे, पण आमचे सासरे भिमाजी आबा, लोणावळ्याला रेल्वेत शंटिंगला जन्म गेला, त्यांना जुनेच पाहिजेत. "नियम म्हंजी नियम, जावईबापू! शिग्नल लाल तर लाल!" त्यांचा बुटका योद्धा मरायला टेकला तरी फाशात लबाडी नाही!

आता जुन्या नियमांत मंत्र मोजकेच, म्हणून मी घरी बनवतो. त्यातलाच हा, सत्यबंधन. 'समोर बसलेल्या कोणालाही एक प्रश्न विचारावा. त्याने वीस बाजूंचा फासा टाकावा. चौदाच्या खाली पडला तर खरं बोलणं भाग.' छान आहे ना? मंत्र कोणी लिहिला? मीच!

तर शनिवारची दुपार. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आबा प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत आले. का थांबलात? तर म्हणे, "डोंगर बघत हुतो." जिन्यातून डोंगर? आमच्या जिन्यातून लाइटचे मीटर दिसतात! घामाने सदरा ओला, डावा हात चोळतायत... माझी बायको अनघा, आबांची मुलगी, तिचा चेहराच उतरला. "आबा, छातीत दुखतंय का?"

"छ्या! पित्त हाय. ओवा दे जरासा."

"डॉक्टरकडे जाऊ या."

"मला काय बी झालं न्हाई! खेळ मांडा."

मेहुणा पप्पू म्हणतो, "ताई, सोड ना, ते कोणाचं ऐकतात का?"

मांडला खेळ! मी माझा आडोसा उभा केला. चिक्कीचे रिकामे बॉक्स चिकटवून केलाय, त्याच्यामागे माझे नकाशे, माझे फासे, कोणाला काही दिसत नाही. गुहा, अंधार, राक्षसांचा राजा गुरगुरतोय... अनघाच्या चेटकिणीची पाळी आली, आणि ही राक्षसाकडे बघतच नाही!

"सत्यबंधन. आबांवर."

म्हटलं, "अगं, राजा समोर उभा आहे!"

"उभा आहे ना? तुमच्या मंत्रात 'समोर बसलेला' लिहिलंय. आबा बसलेत."

"अगं पण म्हणजे खेळातलं पात्र..."

"पात्र कुठे लिहिलंय? दाखवा!"

कुठे दाखवू? नव्हतंच लिहिलेलं! आणि मंत्र कोणी लिहिला? मीच!

आबांनी मंत्र वाचला, पुन्हा वाचला. "बराबर हाय तिचं," म्हणाले, आणि फासा उचलला. टाकला... फासा टेबलावर आपटला, उडाला, आडोशावरून थेट माझ्या बाजूला! मला एकट्याला दिसतोय. किती? सतरा! वाचले! आता काहीएक सांगायची गरज नाही!

"अहो, किती पडला?" अनघा माझ्याकडे बघतेय, पप्पू अर्धा उठलाय, आबांच्या कपाळावरचा घाम टपकन टेबलावर... तुम्हीच सांगा, काय करायचं माणसाने?

"चार," म्हटलं, आणि फासा मुठीत घेतला.

अनघाने अगदी हळू विचारलं, "आबा, छातीत दुखतंय का?"

"बुटका म्हनतो..."

"बुटका नाही आबा. तुम्ही."

आबांनी छातीवर हात ठेवला. "सकाळधरनं दुखतंय. हात बी. भ्या वाटतंय गं पोरी."

पुढे काय सांगू! खुर्चीसकट उचलून जिना उतरलो, पप्पूच्या गाडीत घातले, आणि शनिवार! अख्खी मुंबई लोणावळ्यात चिक्की घ्यायला! पप्पू हॉर्नवर बसलाय, एक जण रस्त्यात मधोमध कणीस धरून फोटो काढतोय, मी खिडकीतून अर्धा बाहेर, "ओ साहेब, पेशंट आहे!", मागे अनघा, "आबा, बोलत राहा, आबा!", आणि आबा उर्शाच्या टोलनाक्यावर डोळे मिटून म्हणतात, "बुटका टोल भरनार न्हाई..." हसू की रडू?

तळेगावला हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "अजून उशीर झाला असता तर..." आणि गेले आत! वाक्य असं अर्धं टाकतात? बाकावर बसून ते मीच पुरं करत बसलो, नाही नाही त्या तऱ्हेने. बाहेर आले तेव्हा म्हणतात, "ठीक आहेत आता. पण तुम्हाला कळलं कसं?" अनघाने माझ्याकडे बोट दाखवलं. "मंत्राने." डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत असं पाहिलं, जणू विचारतायत, लिंबू-मिरच्या कुठे ठेवल्यात! "मंत्र कोणी लिहिला?" काय सांगणार? मीच!

आता आबा आमच्याकडेच असतात, ठणठणीत, रोज खेळतात. पण डॉक्टरांनी सांगितलंय, मनाला ताण नको, आणि अनघाने मला सांगितलंय, "आबांचा बुटका मेला तर बघा!" परवा मी ड्रॅगन आणला, जीव ओतून बनवलेला, ज्वाळा ओकणारा! बुटक्याने कुऱ्हाड फेकली. फासा पडला एक. एक! आबाच म्हणाले, "जावईबापू, चुकला की वो वार."

मी अनघाकडे पाहिलं.

म्हटलं, "चुकलाच, आबा. पण ड्रॅगन हसायला लागला, आणि हसता हसता कड्यावरून खाली पडला."