अकराव्या पायरीचा पाय

यशोधरा : पाय नुसता ठेवू नकोस मोठी आई, दाब. पायडल पुढं जायला पाहिजे.

भामाबाई : दाबतेच हाय गं. तोंड बघ माझं, लाल झालं असंल.

यशोधरा : तोंडानं नको दाबू. पायानं दाब.

भामाबाई : आज गारठा हाय. ऑपरेशनचा पाय थंडीत आखडतो.

यशोधरा : आणि काल काय सकाळी सातला ऊन कडकडीत होतं? काल दोनशे फेऱ्या मारल्यास तू. इथं बांबूवरचा दिवा चमकला, पाटापलीकडं माझ्या खिडकीत फेऱ्या मोजल्या गेल्या. दोनशे, आणि त्याही यंत्राच्या अकराव्या पायरीवर, एवढ्या जड! मी बाबांना झोपेतून उठवून दाखवलं.

भामाबाई : भावजींना कशाला उठवायचं एवढ्यासाठी.

यशोधरा : आनंद झाला म्हणून! खुबा मोडलेली एकाहत्तर वर्षांची बाई आठ महिन्यांत पहिलीपासून अकराव्या पायरीला जाते, हे काय साधं आहे? जुन्या सायकलीचं यंत्र मी केलंय, माझ्या हातचं पहिलंच. परवाच प्रशांतदादाला म्हटलं, आता पाय बरा झाला. आज येतोय तो.

भामाबाई : आज? मधल्या वारीच? कशाला?

यशोधरा : तुला न्यायला पुण्याला. खरं तर सांगू नको म्हणाला होता, आईला अचानक खूश करायचं म्हणून. आता तू रडकुंडीला आलीस म्हणून सांगून टाकलं. गाडी करून निघेलच थोड्या वेळात.

भामाबाई : अगं पण पाय धड झाल्याबिगर न्यायचं न्हाई असं ठरलं हुतं! तिसऱ्या मजल्यावर राहतो तो, लिफ्ट न्हाई.

यशोधरा : मग झालाय की धड. अकरावी पायरी म्हणजे तीन मजले सहज.

भामाबाई : न्हाई झाला! काही धड झाला न्हाई! हे बघ, बघ, दाबते, तसूभर हलत न्हाई. आई गं! कळ आली बघ पार कमरेपर्यंत.

यशोधरा : मोठी आई.

भामाबाई : काय?

यशोधरा : नाटक करतेस तू. प्रशांतदादाचं नाव काढलं की मगच कळ आली.

भामाबाई : अगं नाटक कसलं! खरंच हलत न्हाई. तुझ्या गळ्याशपथ.

यशोधरा : माझा गळा सोड. यंत्र खोटं बोलत नाही. पायात ताकद आली की ते आपण होऊन जड होतं, ताकद कमी पडली की हलकं होतं. माणूस बघून वागतं ते. तुझ्या पायात ताकद आली म्हणून जड झालं, दुसरं कारणच नाही त्याला. ऊठ जरा, मी बसून दाखवते. असा पाय ठेवायचा, असं पुढं... असं... अं... हं...

भामाबाई : दाब की.

यशोधरा : दाबतेय.

भामाबाई : तोंडानं नको.

यशोधरा : गप बस! हे माझ्यानं हलेना. मी सव्वीस वर्षांची, रोज सायकल मारते राहुरी फॅक्टरीपर्यंत, आणि माझ्यानं हलत नाही. तू काल दोनशे फेऱ्या कशा मारल्यास?

भामाबाई : सवयीनं.

यशोधरा : मोठी आई, माझ्याकडं बघ. तिकडं चुलीकडं काय बघतेस? थांब, उठून मागं वाकून साखळीच बघते.

लंकाबाई : बाई, ओ भामाबाई! सरका बिगीबिगी. शेंगांचं टोपलं वट्ट्यावर ठिवलंया, तुमी बसा फोडीत, म्या तुमचं ह्ये पायाचं दळान काढून घिते. आज मला मच्छिंद्राच्या उसात पाचट काढाया जायचंय, लई टाइम न्हाई.

भामाबाई : लंके, आज नको.

लंकाबाई : नको कसं? दिवा लागला न्हाई तर ती तुमची पुतनी येती की बोंबलत. हां, बसले. ही एक, ही दोन, ही तीन...

यशोधरा : लंकाकाकू.

लंकाबाई : चार, पाच... आगं बया! यशोधरा व्हय? जय भीम. कवा आलीस?

यशोधरा : जय भीम. थांबू नकोस, काकू. चालव. चालव की! किती दिवस चालवतेस?

लंकाबाई : आता काय सांगावं. उसाला तुरं आलं नव्हतं तवापासून. का वो, बाई?

भामाबाई : मला कशाला विचारतेस. बुडवलंस सगळं.

यशोधरा : म्हणजे चार महिने. मी चार महिने रोज सकाळी खिडकीत बसून लंकाकाकूच्या पायाचा आलेख काढतेय. वहीवर वर लिहिलंय, भामाबाई रंभाजी, वय एकाहत्तर. आणि पाय कुणाचा? उसात खुरपणारीचा!

लंकाबाई : म्हंजी काय वाईट हाय का माजा पाय?

यशोधरा : चांगला आहे म्हणून तर घोटाळा झालाय!

लंकाबाई : आगं, तुला खरं सांगू का? जनम गेला माजा उभ्यानं नायतर वाकून. खुर्चीत बसून करायचं काम ह्ये पयलंच. बसून! अन् वर वारा लागतो चाकाचा. बाई शेंगा फोडत्यात, म्या पाय हलविते, दोगी बोलत बसतो. बरं वाटतं गं. अन् यक सांगते, माजा डावा गुडगा ठनकायचा ना, पार ग्येला. इनामात.

यशोधरा : खरंच थांबलं दुखायचं?

लंकाबाई : आता पळू का तुज्यासंगं?

यशोधरा : म्हणजे यंत्र चालतंय! चालतंय की यंत्र! फक्त रोगी भलताच निघाला. मोठी आई, हसू नकोस. मला रडू येतंय आणि तू हसतेस. का केलंस असं? दुखत होतं तर सांगायचं, मी हलकं केलं असतं.

भामाबाई : दुखतं म्हणून न्हाई गं.

यशोधरा : मग?

भामाबाई : दिवा हिरवा लागला की तू खूश. एवढी खपून केलंस, शेतातून वायर वढलीस, ऊस उंच झाला तर पत्र्यावरचा दिवा काढून बांबूवर चढवलास. तुला न्हाई कसं म्हणू? अन् पाय लंगडा राहिला की मी माझ्या घरी. म्हटलं, दोन्ही भागतंय की. कुणाचं काही बिघडत न्हाई.

यशोधरा : अगं पण तो दिवा काय नुसता दिवा आहे? तो मिचकतो तेव्हा आकडे सांगतो. इथं मोबाईलला धड रेंज नाही म्हणून तर उजेडानं निरोप पाठवायची युक्ती केली. इथून माझ्या खिडकीत, तिथून इंटरनेटवर, तिथून दादाच्या मोबाईलवर. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी तो तुझी पायरी बघतो.

भामाबाई : त्याला दिसतंय? रोज?

यशोधरा : रोज.

भामाबाई : मला वाटलं, दिवा म्हणजे दिवा. तो मेला मच्छिंद्र विचारत हुता, भामाबाई, रोज सकाळी तुमचा दिवा कुणाला डोळा मारतो? म्हटलं, पुतणीला. मला काय ठाऊक, तो थेट पुण्यापर्यंत डोळा मारतोय!

लंकाबाई : म्हंजी म्या पाय मारून मारून तुमालाच गाडीत घालून दिलं म्हना की.

भामाबाई : दिलंस, बाई. तूच दिलंस. आता काढ मला बाहेर. यशो, ह्ये यंत्र मोडून टाक. सांग त्याला, मोडलं म्हणून.

यशोधरा : मोडणार नाही मी.

भामाबाई : मग दिवा लाल कर.

यशोधरा : माझ्या हातात नाही ते. खऱ्या पायाचंच ऐकतं ते. ज्याला जड जातंय त्यानं दाबायचं. लागोपाठ दहादा दाबून हललं नाही की एक पायरी उतरतं.

भामाबाई : म्हणजे माझा पाय अधू हाय हे दाखवायला मीच व्यायाम करायचा?

यशोधरा : दुसरा रस्ता नाही.

भामाबाई : असलं कसलं यंत्र केलंस गं! खोटं बोलायलाही कष्ट, खरं बोलायलाही कष्ट. ऊठ लंके. सरक.

(अर्ध्या तासानंतर.)

लंकाबाई : दाबा, बाई. आनखी यकदा. सोडू नका.

भामाबाई : मेलं तुझं यंत्र, मेली ती सायकल, मेला तो सायकलवाला...

यशोधरा : सायकल बाबांची होती.

भामाबाई : मग भावजी सोडून बाकी सगळे मेले! कितवी आली?

यशोधरा : तिसरी. घाम पूस. पाणी घेतेस?

भामाबाई : पाणी नको, आता सोडत न्हाई त्याला. हं. हं. आई गं... हं.

लंकाबाई : उतरली! टिक वाजलं.

यशोधरा : दुसरी. आता हळू दाब, मोठी आई. घाई करू नकोस.

भामाबाई : अगं... अगं, गेलं की पुढं! यशो! फिरलं! लंके बघ, फिरलं! मी फिरवलं!

लंकाबाई : फिरलं वो फिरलं! ही यक!

भामाबाई : तू मोजू नकोस, मी मोजते. चौतीस वर्षं अंगणवाडीत पोरांना मोजायला शिकवलं मी. एक. दोन. तीन... दुखतंय पण फिरतंय गं. चार.

यशोधरा : ही तुझी खरी पायरी. दुसरी.

भामाबाई : असू दे दुसरी. माझी हाय. पाच. सहा. बाई बाई, दम लागला. सात. बास.

यशोधरा : बास. छान केलंस. खरंच छान... अगं बाई! दिवा!

भामाबाई : काय झालं दिव्याला?

यशोधरा : तेवढा वेळ बंद ठेवायचा राहिला. अकरा, दहा, नऊ, आठ... सगळं जात होतं तिकडं. दादाला काय दिसलं असेल? आई अर्ध्या तासात अकरावीवरून दुसरीवर कोसळली!

लंकाबाई : यशो, तुजा मोबाईल वाजतोय. हौदावर ठिवलास न्हवं तू, रेंजसाठी?

यशोधरा : त्याचाच असणार. थांबा, आले. हॅलो! दादा, ऐक... नाही रे, अटॅक नाही. नाही, पॅरालिसिस नाही! अँब्युलन्स? अरे नको बोलावू कुणाला, आईला काही... मोठी आई, ऐकतच नाहीये माझं. तुझाच आवाज ऐकव म्हणतो. तुलाच यावं लागेल इथं, तिकडं आणला की फोन कटतो.

भामाबाई : त्या हौदावर? तीन पायऱ्या हाईत. आठ म्हयन्यांत चढले न्हाई मी.

लंकाबाई : म्या धरते. या.

भामाबाई : धर. न्हाई, दंड नको धरू, नुसती मागं उभी राहा. पडले तर झेल.

लंकाबाई : झेलते.

भामाबाई : एक. दोन. थांब. ...तीन. आण तो फोन. हॅलो. जित्ती हाय रे, जित्ती. रडतोस काय येड्यासारखा? अरे, पाय कोसळला न्हाई. तो दुसऱ्याच पायरीवर हुता. पहिल्यापासनं. न्हाई, यशोच्या यंत्राची काही चूक न्हाई, तिला काही बोलायचं न्हाई. लबाडी मी केली. अकराव्या पायरीचा पाय लंकाचा हाय.

लंकाबाई : माजं नाव कशाला सांगताय!

भामाबाई : हां, लंका. तीच. तिला ने मग तिसऱ्या मजल्यावर, दोन ढांगांत चढंल. ...अरे हसतोस काय, ऐक. काय? कधी बरा व्हायचा? होईल की. आजपासनं मीच मारणार हाय पाय. आत्ता सात फेऱ्या मारल्या, माझ्या मी. पण प्रशांत...

यशोधरा : सांग, मोठी आई.

भामाबाई : पण पाय बरा झाला तरी मला यायचं न्हाई तिकडं. पायाचं न्हाई ते. माझंच हाय. तू चांगला हाईस, सूनबाई चांगली हाय, तुमच्यात खोट न्हाई काही. पण तुम्ही दोघं सकाळी जाता, दार लागतं, अन् मग संध्याकाळपर्यंत मी अन् ते घड्याळ. गेल्या खेपेला पंधरा दिवस राहिले, कुणाशी शब्द बोलले न्हाई दिवसभर. इथं लंका येती. शेंगा फोडते मी. मच्छिंद्र उसातून हाका मारतो. मला हितंच राहायचंय. ...हॅलो? हॅलो? यशो, रेंज गेली बघ.

यशोधरा : गेली नाही. फोन चालू आहे.

भामाबाई : प्रशांत? अरे, राग आला का? ...काय? आधी का न्हाई सांगितलं? कधी सांगू? आठ म्हयने झाले, तू फोन करतोस अन् पाय कितव्या पायरीवर आला ते विचारतोस. पायाचं सांगितलं की ठेवतोस. मग मी पण पायाचंच सांगत बसले.

लंकाबाई : काय म्हनतोय?

भामाबाई : नाक वढतोय. ...हां, बोल रे. हां. ...

यशोधरा : काय झालं? डोळ्याला पदर का लावलास? ओरडला का?

भामाबाई : न्हाई गं. विचारतोय, आई, तू कशी हाईस?

लंकाबाई : मग सांगा की.

भामाबाई : सांगते. प्रशांत, थांब हां बाळा, ठेवू नको. हौदाच्या कडेला बसते जरा. वेळ लागंल.