'वाय'च्या बटणावरचं कुंकू

खंडेनवमी, दुपारचे सव्वाबारा, धुळ्यात देवपूरला आमच्या दैनिकाचं ऑफिस. हे एवढे तपशील आधीच देऊन टाकतो, कारण एवढ्यावरच आमच्या ऑफिसात एकमत आहे! पुढचं विचारा, की प्रत्येक जण पंख्याकडे बघायला लागतो. अहो, मंत्र्यांकडून उत्तरं काढली मी, फौजदारांकडून काढली, आणि माझ्याच ऑफिसात, एका बटणाबद्दल, उत्तर मिळेना?

तुम्हाला सांगतो, हे सगळं रतिलालपासून सुरू झालं. रतिलाल जळगावचा, कॉम्प्युटर विकतो. बोलतो असा की केळीच्या घडालाही वायर जोडून देईल. त्यानं आमच्या मालकांच्या, रुपचंदभाऊंच्या गळ्यात एक सर्व्हर मारला. आत तीन डिस्क, आणि तिघींना सांभाळणारं एक कार्ड, त्याचं नाव रेड कंट्रोलर. "भाऊ, मजकूर तिन्हींवर वाटून ठेवतो हा. एक गेली तरी काही जात नाही!" मी विचारलं, दोन गेल्या तर? "दादा, तुम्ही पत्रकार लोक कधी शुभ बोलतच नाही." बरं, दुसरी प्रत कुठे ठेवायची? तर हसला! "प्रत कशाला? एक गेली तरी काही जात नाही!" रुपचंदभाऊंना ते वाक्य इतकं आवडलं, इतकं आवडलं, की आल्यागेल्याला चहाच्या आधी तेच ऐकवायचे.

आता त्या डिस्कवर माझं काय होतं ते ऐका. साक्रीकडच्या डोंगरातली आश्रमशाळा. नवीकोरी इमारत, पहिल्याच पावसाळ्यात स्लॅब खाली, आणि तानुबाईच्या नातीचा पाय त्याखाली. कंत्राटदारानं अख्ख्या गावाला दम भरलेला, कुणी तोंड उघडेना. एकटी तानुबाई बोलली. ओट्यावर बसून सगळं सांगितलं, सिमेंट किती, वाळू किती, गप्प बसायला कोण कोण येऊन गेलं... आणि वर म्हणाली, "नाव टाक मनं, भाऊ. माले कोनंच भ्याव नही." अशी साक्ष रोज मिळते का हो? आमच्या मंदाबाईंनी ती टाईप करताना दोनदा चष्मा पुसला. दसरा झाला की पहिल्या पानावर जाणार होती. आणि माझे हातानं लिहिलेले कागद? सणाची साफसफाई! रुपचंदभाऊंनी रद्दीत घातले. "टाईप झालं ना? मग? एक गेली तरी..." पुढचं तुम्हीच म्हणा!

तर खंडेनवमी. आमच्याकडे खिळ्यांच्या छपाईपासूनची रीत आहे, यंत्र उघडायचं, सुटे भाग पुसायचे, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं. रुपचंदभाऊ म्हणाले, सर्व्हरनं काय घोडं मारलंय? आणि रतिलालनं काढल्या ना बाहेर तिन्ही डिस्क! गिऱ्हाईक आहे, नाही कसं म्हणणार? पाटावर नारळाशेजारी मांडल्या, भटजींनी मंत्र म्हणून झेंडू वाहिला, आणि रतिलालनं परत बसवल्या... जशा हाताला लागल्या तशा! तिघी सख्ख्या बहिणींसारख्या सारख्या दिसतात, पहिली कोणती, तिसरी कोणती, कुणाला माहीत?

सर्व्हर सुरू केला, आणि लागला कोकलायला. टीं टीं टीं! पडदा काळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. उंदीरबिंदीर काही चालत नाही, हुकूम टाईप करायचा आणि उत्तर वाचायचं. रतिलालला विकणं येतं, हुकूम कुठे येतात? लावला पुण्याच्या इंजिनिअरला फोन. फोन पुढच्या टेबलावर, सर्व्हर मागच्या खोलीत! म्हणून फोनवर मंदाबाई, मधल्या दारात मी, अशी ओरडाओरड.

"तो म्हणतोय, डिस्कची यादी मागा!"

"मागितली! जागा चुकल्यात म्हणतंय!"

"तो म्हणतोय, काही गेलेलं नाही! बंद करा, आणि जागच्या जागी बसवा!"

ऐकलंत? काही गेलेलं नव्हतं! पाच मिनिटांचं काम! पण रुपचंदभाऊ आडवे. "पूजा झालेली वस्तू उद्यापर्यंत हलवायची नाही." अहो भाऊ, चालू केलेली चालते? "चालू वेगळं, हलवणं वेगळं." मग रतिलाल म्हणे दुसरा एक हुकूम आहे, नव्यानं मांडणी करायचा. टाईप केला. पडद्यानं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की? वाय की एन?

"तो म्हणतोय वाय दाबू नका!" मंदाबाई किंचाळल्या. "काही झालं तरी वाय दाबू नका!" मी निरोप द्यायला वळलो... आणि टीं टीं थांबलं.

"बघा," रुपचंदभाऊ म्हणाले, "झालं का नाही चालू?"

झालं. स्वच्छ. सारवलेल्या अंगणासारखं! रतिलाल पडद्याकडे बघत म्हणतो कसा, "एक गेली असती ना दादा, तर काही गेलं नसतं."

मी विचारलं, वाय कुणी दाबलं? रतिलाल म्हणे मी प्रसाद घ्यायला वळलो होतो. रुपचंदभाऊ म्हणे मला इंग्रजी वाचता येतं का? भटजी म्हणे आमचा संबंध फक्त नारळाशी. मी वाकून बघितलं, 'वाय'च्या बटणावर कुंकवाचं बोट! लालभडक! आणि त्या खोलीत बोटाला कुंकू नाही असा एक माणूस नव्हता.

पुन्हा साक्रीला गेलो. तानुबाईनं पाणी दिलं, मान वर केली नाही. "भाऊ, मी तुले बठ्ठं सांगी टाकं व्हतं. आते मना आंडोर नही म्हनस." तिच्या पोराला कंत्राटदारानं त्याच शाळेवर वॉचमन नेमलंय. शाळेकडे गेलो, तर कंत्राटदार तिथेच उभा, गिलावा करून घेत. मला म्हणतो, "साहेब, एक स्लॅब गेला म्हणून इमारत जात नाही."

तुम्हाला सांगतो, मला वाटलं रतिलालच बोलतोय!

तो कीबोर्ड वर्षभर कुणी पुसला नाही. पुसेल त्याचंच बोट, असं प्रत्येकाला वाटायचं. मी रोज येताजाता विचारायचो, रोज सगळे पंख्याकडे बघायचे. म्हटलं, असू दे, पुरावा तर शाबूत आहे.

आज पुन्हा खंडेनवमी. सकाळी ऑफिसात गेलो, तर रुपचंदभाऊंनी कीबोर्डची पूजा उरकलेली. कुंकू लावलंय. सगळ्या बटणांना.